फलकावरची लिपी बदलली तरी दुकान ओळखू यावे. वेबसाइटवर रंग एकदाच ठरवा, सगळीकडे तोच वापरा

बेळगाव / प्रतिनिधी

सीमाभागातल्या व्यापाऱ्याचे नाव एका लिपीत मावत नाही. कर्नाटकात २०२४ च्या कायदा दुरुस्तीनंतर दुकानाच्या नामफलकावर ६० टक्के कन्नड बंधनकारक झाले आहे. त्याच व्यापाऱ्याची दुसरी शाखा गडहिंग्लज किंवा कोल्हापुरात असेल, तर तिथे देवनागरीत मराठी फलक सक्तीचा आहे आणि मराठी अक्षरे इतर लिपीपेक्षा लहान चालत नाहीत. पणजीत किंवा म्हापशात शाखा काढली तर रोमन अक्षरे आली. वडोदऱ्यातल्या मराठी दुकानदाराला गुजराती लागते, हैदराबादच्या दुकानदाराला तेलुगू.

म्हणजे दुकान एकच, पण गिऱ्हाईक चंदगडचे असेल तर त्याला कन्नड वाचता येत नाही आणि बैलहोंगलचे असेल तर मराठी वाचायची अडचण. दोघांनाही लांबून जे ओळखू येते तो रंग. मरून पाटीवरची पिवळी अक्षरे, हिरव्या डब्यावरचा पांढरा पट्टा, ही ओळख लिपीवर अवलंबून नसते. पिशवी, खोके, बिलबुक, टेम्पोची बाजू असे सगळीकडे तेच रंग वर्षानुवर्षे दिसत राहिले की लोक नाव न वाचताच दुकान सांगतात.

ही कमाई वेबसाइटवर मात्र बऱ्याचदा वाया जाते. पहिल्या पानावर एक मरून, संपर्काच्या पानावर जरा जांभळट मरून, ऑर्डरचे बटण निळे, कारण तयार थीममध्ये ते निळेच होते. दुसऱ्या भाषेचे पान दुसऱ्याच कुणाकडून करून घेतलेले, त्याचा रंग तिसराच. एकाच दुकानाची ही पाने आहेत हे नवख्या गिऱ्हाइकाला कळत नाही. त्यात ऑनलाइन पैसे भरायचे असले तर शंका येते, आणि शंका आली की माणूस पान बंद करतो.

यावर उपाय सोपा आहे, आणि आजच्या बहुतेक वेबसाइट बनवायच्या साधनांत तो आधीपासून दिलेला आहे. दुकानाचे रंग एका ठिकाणी नोंदवायचे, प्रत्येक रंगाला काम नेमून द्यायचे आणि पुढे प्रत्येक पानावर त्या नोंदीतूनच रंग उचलायचा. हे कसे करायचे, ते टप्प्याटप्प्याने पाहू.

आधी आपला रंग नक्की कोणता ते शोधा

"आमचा रंग मरून" एवढ्याने काम भागत नाही. मरून म्हणून दहा जण दहा रंग दाखवतील. संगणकाला रंगाचा आकडा लागतो.

पहिली चूक होते ती इथेच. दुकानाच्या फलकाचा मोबाइलवर फोटो काढायचा आणि त्यातून रंग उचलायचा. सकाळच्या उन्हात काढलेला फोटो पिवळसर येतो, ढगाळ हवेत निळसर, रात्री दिव्याखाली आणखी वेगळा. फ्लेक्स दोन उन्हाळे बाहेर राहिला की त्याचा रंगही उडालेला असतो. म्हणजे जुन्या, विटलेल्या रंगाची नोंद होते आणि तोच आपला ब्रँडचा रंग होऊन बसतो.

त्यापेक्षा ज्या प्रेसमध्ये पिशव्या, खोकी किंवा व्हिजिटिंग कार्ड छापले तिथे मूळ डिझाइनची फाइल मागा. आपल्याकडे बहुतेक प्रेसमध्ये ती कोरलड्रॉमध्ये केलेली असते. ती उघडून रंगाचे आकडे सांगायला ऑपरेटरला दोन मिनिटे लागतात. फाइल मिळालीच नाही, तर नव्या छापलेल्या खोक्याचे स्कॅन काढा आणि त्यावरून ड्रॉपरने रंग घ्या. ड्रॉपर म्हणजे चित्रातल्या एखाद्या ठिपक्यावर टेकवला की त्याच्या रंगाचा आकडा सांगणारे साधन. कॅनव्हासारख्या बहुतेक डिझाइन साधनांत ते असते.

एक गोष्ट आधीच समजून घ्यावी. छापील रंग आणि पडद्यावरचा रंग तंतोतंत जुळत नाही. छपाईत सायन, मॅजेंटा, पिवळा आणि काळा अशा चार शाया कागदावर बसतात. पडद्यावर लाल, हिरवा आणि निळा असे तीन प्रकाश एकत्र येतात. पडद्यावर झळाळणारा काही गडद निळा किंवा पोपटी रंग शाईत उतरतच नाही. त्यामुळे प्रेसचे चार शायांचे आकडे वेगळे आणि वेबसाइटचा कोड वेगळा, अशा दोन नोंदी ठेवायच्या. रंगाच्या दुकानातल्या शेडकार्डचा नंबर ही तिसरी नोंद झाली. भिंत रंगवायला तो लागतो, पण वेबसाइटला त्याचा उपयोग नाही.

सहा अक्षरांचा कोड

वेबसाइटच्या साधनात रंग सांगायची सर्वात सोपी पद्धत म्हणजे हेक्स कोड. हॅशचे चिन्ह आणि त्यापुढे सहा अक्षरे. पहिली दोन लाल प्रकाशाची, मधली दोन हिरव्याची, शेवटची दोन निळ्याची. प्रत्येक जोडी ० ते २५५ पर्यंतचा आकडा सांगते. पण मोजणी दहाच्या पटीत नसून सोळाच्या पटीत असते, म्हणून ९ नंतर ए पासून एफ पर्यंत इंग्रजी अक्षरे येतात. तिन्ही मिळून १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१६ रंग तयार होतात.

उदाहरण घ्या. मरूनचा सर्वमान्य कोड #८००००० असा आहे. लाल प्रकाश निम्म्याच्या आसपास, हिरवा शून्य, निळा शून्य. पूर्ण काळा म्हणजे सहा शून्ये, पूर्ण पांढरा म्हणजे सहा वेळा एफ. हळदीसारखा गडद पिवळा हवा असेल तर एफएफ, सीसी आणि शेवटी दोन शून्ये.

इथे एक बारीक अडचण येते. मोबाइलचा कीबोर्ड मराठीवर असेल तर आकडे देवनागरीत उमटतात आणि साधन तो कोड घेत नाही. कोड टाकताना कीबोर्ड इंग्रजीवर घ्यावा. या लेखात कोड देवनागरीत छापले असले तरी टाकायचे इंग्रजी अंकांतच.

प्रत्येक रंगाला एक काम

दुकानात दहा माणसे असली तरी गल्ल्यावर कोण, मापावर कोण हे ठरलेले असते. रंगांचेही तसेच. छोट्या व्यवसायाच्या वेबसाइटला पाच कामे पुरतात.

मुख्य रंग : लोगो, वरची पट्टी, मोठी शीर्षके. लोक ज्यावरून दुकान ओळखतात तो हा.

उठावाचा रंग : ऑर्डर करा, फोन करा, पैसे भरा अशी बटणे. हा जितका कमी वापराल तितका जास्त लक्ष वेधतो.

पार्श्वभूमी : पानाचा बहुतेक भाग. पांढरा किंवा अगदी फिकट मलईसारखा.

दुसरी पार्श्वभूमी : मधले पट्टे, किमतीची चौकट, तळाचा भाग वेगळा दिसावा म्हणून.

मजकुराचा रंग : वाचायची अक्षरे. काळा किंवा काळ्याच्या जवळचा गडद राखाडी.

समजा, शहापूरच्या एखाद्या साडी दुकानाचा फलक मरून-पिवळा आहे. त्याची मांडणी अशी होईल. मुख्य रंग मरून #८०००००, उठावाला हळदी पिवळा, पार्श्वभूमी पांढरी, दुसरी पार्श्वभूमी फिकट मलई, मजकूर गडद राखाडी #३३३३३३. संपले. सहावा रंग हवाहवासा वाटला तर थांबून विचारावे, याला काम काय?

किती प्रमाणात वापरायचा यासाठी सजावटीच्या धंद्यातला ६०-३०-१० हा जुना ठोकताळा उपयोगी पडतो. पानाचा सुमारे ६० टक्के भाग पार्श्वभूमीला, ३० टक्के मुख्य रंगाला आणि १० टक्के उठावाला. मोजपट्टी लावायची गरज नाही, अंदाज पुरतो. फलकावर मरून-पिवळा निम्मा-निम्मा शोभतो, कारण फलक रस्त्यावरून क्षणभर दिसतो. वेबसाइटचे पान माणूस दोन-चार मिनिटे वाचतो. तिथे तेवढाच भडकपणा डोळ्यांना त्रास देतो.

साधनात नोंद कुठे करायची

प्रत्येक साधनात या नोंदीचे नाव वेगळे असते, पण काम एकच. मेनूची नावे आवृत्तीनुसार थोडी इकडेतिकडे होतात, तरी खालील वाटेने गेले की जागा सापडते.

वर्डप्रेसमध्ये ब्लॉक थीम असेल तर डॅशबोर्डमधून अपीअरन्स, मग एडिटर, मग स्टाइल्स, कलर्स आणि पॅलेट. ही सोय २०२२ च्या जानेवारीत आलेल्या ५.९ आवृत्तीपासून आहे. तिथे थीमने दिलेले रंग दिसतात. त्यातला एकेक उघडून आपला कोड टाकायचा, किंवा खाली कस्टममध्ये नवा रंग घालून त्याला नाव द्यायचे. जुन्या पद्धतीची थीम असेल तर अपीअरन्समध्ये कस्टमाइझ उघडायचे. तिथे किती रंग बदलता येतात ते त्या थीमवर अवलंबून असते.

वर्डप्रेसवर एलिमेंटर वापरत असाल तर साइट सेटिंग्जमध्ये ग्लोबल कलर्स आहे. तिथे प्रायमरी, सेकंडरी, टेक्स्ट आणि ॲक्सेंट अशी चार नावे आधीच मांडलेली असतात. वर सांगितलेली कामे त्यांच्याशी बरोबर जुळतात. ॲक्सेंट म्हणजे आपला उठावाचा रंग.

विक्समध्ये साइट डिझाइनमध्ये रंगांची थीम मिळते. स्क्वेअरस्पेसमध्ये साइट स्टाइल्समध्ये पाच रंगांची पॅलेट असते आणि त्यातूनच पानाच्या वेगवेगळ्या पट्ट्यांसाठी फिकट-गडद मांडण्या तयार होतात. कॅनव्हामध्ये याला ब्रँड किट म्हणतात. वेबसाइट करणारा आधी फिग्मामध्ये आराखडा करत असेल, तर तिथे स्टाइल्स किंवा व्हेरिएबल्स या नावाने हीच नोंद असते.

नाव देताना एक काळजी घ्या. 'मरून', 'पिवळा' अशी नावे देण्यापेक्षा 'मुख्य', 'बटण', 'मजकूर' अशी कामाची नावे द्यावीत. पुढे पाच वर्षांनी मुख्य रंग थोडा बदलायचा ठरला तर नाव खोटे पडत नाही. 'मरून' नावाखाली निळा रंग दिसला तर नवीन माणूस गोंधळतोच.

नोंदीतला रंग आणि हाताने निवडलेला रंग

सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हा. नोंद केली म्हणजे काम झाले असे नाही. पानावर रंग लावताना तो नोंदीतूनच उचलला पाहिजे.

टॅलीत खाते एकदा उघडतात आणि प्रत्येक व्हाउचरमध्ये तेच खाते निवडतात. उद्या खात्याचे नाव बदलले की जुन्या सगळ्या व्हाउचरमध्ये आपोआप नवे नाव दिसते. कुणी तोच मजकूर नरेशनमध्ये हाताने टाइप करून ठेवला असेल, तर तो मात्र जुनाच राहतो. रंगांचेही अगदी असेच आहे.

वेबसाइटच्या साधनात एखाद्या शीर्षकावर क्लिक करून रंग निवडताना दोन वाटा दिसतात. एक, आपल्या पॅलेटमधले गोल ठिपके. दोन, रंगांची मोठी चौकट, जिच्यात बोट फिरवून कुठलाही रंग घेता येतो किंवा कोड टाकता येतो. पॅलेटचा ठिपका निवडला तर साधन त्या जागी 'मुख्य रंग' एवढेच लिहून ठेवते. मोठ्या चौकटीतून घेतला तर कोड थेट त्या जागी गोंदला जातो. आज दोन्ही सारखेच दिसतात. उद्या पॅलेटमध्ये मुख्य रंग बदलला की पहिली जागा बदलते, दुसरी जुन्याच रंगात अडकून राहते.

एलिमेंटरमध्ये हे ओळखायची खूण सोपी आहे. रंगाच्या शेजारी पृथ्वीगोलाचे छोटे चिन्ह असते. ग्लोबल रंग त्याच चिन्हातून निवडायचा.

वेबसाइट दुसऱ्याकडून करून घेतली असेल, तर काम नीट झाले की नाही हे मालकाला स्वतःला तपासता येते. त्याची एक सोपी युक्ती आहे. एडिटर उघडा, पॅलेटमधला मुख्य रंग क्षणभर भडक हिरवा करा आणि सेव्ह न करता पान बघा. जे जे हिरवे झाले ते नोंदीशी जोडलेले आहे. जे मरूनच राहिले ते हाताने गोंदलेले आहे, ते दुरुस्त करून घ्यायचे. मग सेव्ह न करताच बाहेर पडा. बिल देण्याआधी ही पाच मिनिटांची तपासणी करावी.

एक अपवाद ध्यानात ठेवा. कॅनव्हात केलेले पोस्टर चित्र म्हणून पानावर चढवले असेल, तर त्यातला रंग पॅलेटने बदलत नाही. ते पोस्टर पुन्हा करावे लागते. म्हणून पत्ता, वेळ, किंमत असा मजकूर चित्रात न घालता पानावर अक्षरांत लिहिलेला बरा. तो गुगलच्या शोधातही सापडतो.

आणखी एक. वर्डप्रेसमध्ये स्टाइल्समधले बदल त्या थीमपुरते असतात. थीम बदलली की रंग पुन्हा भरावे लागतात. कोडची नोंद वेगळ्या कागदावर हवी ती यासाठीच.

वाचता येते का? आकड्यात तपासा

रंग सुंदर दिसतो आणि अक्षर वाचता येत नाही, असे फार वेळा होते. हे डोळ्यांनी ठरवण्यापेक्षा मोजता येते. अक्षराचा रंग आणि मागचा रंग यांच्या उजेडातल्या फरकाला कॉन्ट्रास्ट म्हणतात. तो १ पासून २१ पर्यंत मोजतात. काळ्यावर पांढरे म्हणजे २१. वेबसाठीच्या आंतरराष्ट्रीय सुगम्यता निकषांत नेहमीच्या मजकुराला किमान ४.५ आणि मोठ्या शीर्षकांना किमान ३ सांगितले आहे.

वरच्या साडी दुकानाचे रंग या मापात घालून बघू.

पांढऱ्यावर मरून अक्षरे : १०.९. उत्तम.

पांढऱ्यावर गडद राखाडी मजकूर : १२.६. उत्तम.

मरूनवर हळदी पिवळी अक्षरे : ७.२. फलकाची जोडी वेबसाइटवरही चालते.

पांढऱ्यावर हळदी पिवळी अक्षरे : १.५. हे वाचताच येणार नाही.

शेवटची चूक सर्रास दिसते. ब्रँडचा रंग पिवळा, म्हणून किंमतही पिवळ्या अक्षरांत आणि मागे पांढरे. घरात पडद्यावर अंधुक तरी दिसते, पण बाजारात उन्हात उभ्या माणसाच्या मोबाइलवर ती गायब. पिवळा रंग बटणाच्या पोटात ठेवा आणि त्यावर मरून किंवा गडद राखाडी अक्षरे घ्या.

भगव्या रंगाचेही तसेच. नेहमीच्या भगव्यावर, म्हणजे एफएफ९९३३ या कोडवर, पांढरी अक्षरे घातली तर कॉन्ट्रास्ट जेमतेम २.१ येतो. त्याच भगव्यावर गडद राखाडी अक्षरे घातली तर ५.९ येतो आणि मजकूर नीट वाचता येतो. मंडळांच्या, पतसंस्थांच्या, शाळांच्या पानांवर भगव्यावर पांढरे फार असते. त्यांनी एवढा एक बदल केला तरी ज्येष्ठ वाचकांची सोय होईल.

देवनागरीला ही काळजी जास्तच घ्यावी लागते. शिरोरेषा, वेलांट्या, अनुस्वार आणि जोडाक्षरांतले बारीक फाटे लहान आकारात पातळ होतात. रंग फिका असला की आधी तेच विरतात. कन्नड अक्षरांतली वळणे आणि खालचे वत्तू यांचीही तीच गत. त्यामुळे इंग्रजी मजकुरात खपून गेलेला फिका राखाडी मराठी-कन्नड पानावर चालेलच असे नाही.

तपासायला वेबएमचे कॉन्ट्रास्ट चेकर मोफत आहे. दोन कोड टाकायचे, आकडा येतो. वर्डप्रेसचा एडिटर तर जोडी फिकी पडली की स्वतःच इशारा दाखवतो. तो इशारा दुर्लक्षून पुढे जाऊ नये.

फक्त रंगावर अर्थ सोडू नका

माल शिल्लक असेल तर हिरवा ठिपका, संपला असेल तर लाल, एवढेच दाखवले तर काही लोकांना ते समजत नाही. लाल आणि हिरव्यातला फरक न कळणे हा रंगांधळेपणाचा सर्वात आढळणारा प्रकार आहे आणि तो पुरुषांत स्त्रियांपेक्षा बराच जास्त असतो. ठिपक्याशेजारी 'शिल्लक आहे', 'संपले' असे शब्द लिहावेत. मजकुरातल्या लिंकलाही रंगासोबत खालची रेघ ठेवावी.

मिठाई आणि खाद्यपदार्थांच्या दुकानांनी आणखी एक बघावे. शाकाहारी पदार्थाची हिरवी आणि मांसाहारी पदार्थाची तपकिरी खूण ठरलेली आहे. आपल्या ब्रँडचा रंग कुठलाही असो, ही खूण पॅलेटच्या रंगात रंगवायची नाही.

रंगाला सीमाभागात अर्थ असतो

इंग्रजी पुस्तकांत निळा म्हणजे विश्वास, लाल म्हणजे उत्साह असे तक्ते असतात. आपल्याकडे त्याआधी बघायला हवे की लाल-पिवळी जोडी कन्नड ध्वजाची आहे आणि भगवा मराठी मनाला कुठे लागतो. दोन्ही बाजूंचे गिऱ्हाईक सांभाळणारा व्यापारी हे न सांगता जाणतो. कुणी कुठला रंग घ्यावा हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण वेबसाइट करणारा माणूस पुण्याचा किंवा बेंगळुरूचा असेल तर त्याला हे ठाऊक नसते, म्हणून रंग ठरवताना मालकाने स्वतः बसावे. नवा रंग शोधण्यापेक्षा दुकानाचा चालत आलेला रंग बहुतेक वेळा सर्वात सुरक्षित असतो. त्याचा अर्थ गिऱ्हाइकांच्या मनात आधीच ठरलेला असतो, तो म्हणजे आपले दुकान.

लोगोची ट्रेडमार्क नोंदणी करणाऱ्यांनी एक तरतूद माहीत करून घ्यावी. १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्याच्या कलम १० प्रमाणे चिन्ह ठरावीक रंगांपुरते मर्यादित करून नोंदवता येते. तशी मर्यादा न घालता नोंदवले, तर ते सर्व रंगांसाठी नोंदवलेले मानले जाते. कुठला पर्याय घ्यायचा ते आपल्या वकिलाला विचारूनच ठरवा, पण अर्जात रंगीत लोगो जोडण्याआधी हा प्रश्न विचारायला विसरू नका.

मराठी पान, कन्नड पान, एकच पॅलेट

दोन किंवा तीन भाषांत वेबसाइट करायची असेल तर शक्यतो एकाच वेबसाइटमध्ये भाषांतराचे प्लगइन लावून करावी. वर्डप्रेसवर पॉलीलँग किंवा डब्ल्यूपीएमएल अशी प्लगइन आहेत. थीम एकच राहते, म्हणून पॅलेटही एकच राहते. मुख्य रंग एकदा बदलला की मराठी, कन्नड आणि इंग्रजी तिन्ही पानांवर बदलतो.

भाषेनुसार दोन वेगळ्या वेबसाइट दोन वेगळ्या माणसांकडून करून घेतल्या असतील, तर दोघांच्या हातात एकच कोडचा कागद द्यावा. "तुमच्या अंदाजाने साधारण मरून घ्या" असे फोनवर सांगितले की दोन मरून झालेच म्हणून समजा.

दिवाळी, गणेशोत्सव, उगादी-पाडव्याला वेबसाइट सजवायची हौस सगळ्यांना असते. ती वरच्या बॅनरच्या चित्रात भागवावी. पॅलेटला हात लावू नये. सणाचे चार दिवस संपल्यावर जुने कोड कुणालाच आठवत नाहीत.

वेबसाइटच्या बाहेरही तोच कोड

ब्राउझरच्या टॅबवर दिसणारे छोटे चिन्ह, म्हणजे साइट आयकॉन, याच रंगात करावे. वर्डप्रेसला ते ५१२ बाय ५१२ पिक्सेलचे लागते. एवढ्या लहान जागेत पूर्ण नाव वाचता येत नाही, म्हणून पहिले अक्षर किंवा नुसते चिन्ह आणि मुख्य रंग पुरतो. व्हॉट्सॲप बिझनेसचा फोटो आणि गुगलवरच्या दुकानाच्या नोंदीतला लोगोही त्याच कोडचा हवा.

मोबाइलवर डार्क मोड असेल तर मागची बाजू काळी होऊ शकते. पार्श्वभूमी काढून टाकलेला मरून लोगो काळ्यावर १.९ कॉन्ट्रास्टचा राहतो, म्हणजे जवळजवळ दिसतच नाही. अशा ठिकाणांसाठी पांढऱ्या किंवा पिवळ्या चौकटीतला लोगो वेगळा करून ठेवावा.

कोडचा कागद मालकाकडे

वेबसाइट केलेला मुलगा नोकरीसाठी पुण्याला जातो, प्रेस बंद होते, संगणक फॉरमॅट होतो. त्याच्याबरोबर रंगाचे आकडेही जातात आणि पुढच्या वेळी फोटोवरून अंदाजाने रंग घेतला जातो. हे टाळायला एक पान पुरते. त्यावर पाच रंग, प्रत्येकाचे काम, हेक्स कोड, छपाईचे चार शायांचे आकडे आणि भिंतीच्या रंगाचा शेडनंबर. खाली, कुठल्या रंगावर कुठली अक्षरे चालतात आणि कुठली नाहीत, एवढे लिहावे. सोबत लोगोची मूळ फाइल आणि वेबसाइटच्या लॉगिनचा मालकी हक्क कुणाच्या ईमेलवर आहे त्याची नोंद.

हे पान ट्रेड लायसन्स आणि जीएसटी प्रमाणपत्राच्या फाइलमध्ये लावून ठेवा, एक प्रत ईमेलवर स्वतःलाच पाठवून ठेवा. पुढचा फलक कुठल्याही लिपीत करावा लागला, तरी पेंटरच्या, प्रेसच्या आणि वेबसाइटवाल्याच्या हातात एकच कागद जाईल. चंदगडचा आणि बैलहोंगलचा माणूस तेच दुकान शोधत आहे, त्याला ते मोबाइलवरही लगेच सापडले पाहिजे.